विचारलेले प्रश्न, न विचारलेले प्रश्न

अब्बांच्या पश्चात आम्हा भावंडांना एक गोष्ट सलत होती. त्यांचे हजला जायचे राहून गेले होते. पैसे जमले तेव्हा तब्येत बिघडली, तब्येत सुधारली तेव्हा पैसे दवाखान्यात गेले. आता आम्ही दोघे भाऊ कमावते झालो आहोत, तर त्यांच्या नावाने हज्जे-बदल करावा असे घरात ठरले. एका जुम्म्याच्या नमाजनंतर आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांना गाठले आणि विचारले, "अब्बांच्या नावाने हज करता येईल का? कुणी करावा? आधी स्वतःचा हज केलेला असावा लागतो का?" कागदावर लिहून नेलेले असे पाच-सहा प्रश्न होते.

मौलानांनी सगळे ऐकून घेतले आणि उलट आम्हालाच विचारले, "मरहूमांवर कुणाचे देणे राहिले आहे का?"

आम्ही सांगितले, "नाही. सेवा सोसायटीचे कर्ज होते, ते त्यांच्या हयातीतच फिटले. दुकानदारांची उधारी आम्ही फेडली."

"बहिणींचा हिस्सा दिला होता का?"

आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिलो. तो प्रश्न आमच्या कागदावर नव्हता. मौलानांनी पुढे काही विचारले नाही. "आधी ते पाहून या, मग हजचे बोलू," एवढेच म्हणाले.

हा लेख त्या दिवसापासून मनात आहे. तो आमच्या घराविषयी आहे, पण एका घरापुरता नाही. धर्मग्रंथाला प्रश्न विचारणे म्हणजे नेमके काय करणे, असा हा सवाल आहे. आपण काय विचारतो? काय विचारत नाही? आणि जे विचारत नाही, ते का विचारत नाही?

*

कोल्हापुरातला कुठलाही मोहल्ला घ्या, सदर बाजार असो, यादवनगर असो, नाहीतर जवाहरनगर. रमजानच्या महिन्यात तरावीहनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर लोक इमामसाहेबांभोवती जमतात. इंजेक्शन घेतले तर रोजा तुटतो का? बँकेत पडलेल्या व्याजाचे काय करायचे? सोन्यावरची जकात जुन्या भावाने काढायची की आजच्या? नखांना रंग असेल तर वजू होतो का? मुलीच्या शाळेत वंदना म्हणतात, तिने उभे राहावे का? मोहरमच्या पंजांपुढे साखर ठेवावी की नाही, यावर तर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वाद चालू आहेत. घुडणपीर, बाबूजमाल या दर्ग्यांच्या गावात तो वाद कधी संपायचाही नाही.

या प्रश्नांना आम्ही क्षुल्लक म्हणत नाही. रोजचे जगणे नीट असावे, त्यात खुदाची मर्जी राखली जावी, या तळमळीतूनच ते येतात. परंतु अनेक वर्षे त्या पायऱ्यांवर बसून आम्हाला एक गोष्ट आठवत नाही. "मौलाना, वडिलांच्या जमिनीत माझ्या बहिणीचा किती हिस्सा होतो आणि तो तिला कसा पोहोचवू?" असे विचारणारा भाऊ आम्ही पाहिला नाही. आम्ही स्वतःही तो नव्हतो.

*

कुरआनचे एक वैशिष्ट्य आहे. त्यात माणसांचे प्रश्न नोंदवलेले आहेत. "यसअलूनका", म्हणजे "ते तुला विचारतात", या शब्दाने सुरू होणाऱ्या आयती पंधराएक ठिकाणी येतात. लोक पैगंबरांना विचारत होते आणि उत्तर उतरत होते. दारू आणि जुगार यांविषयी विचारले, अनाथांविषयी विचारले, पवित्र महिन्यातल्या लढाईविषयी विचारले, मासिक पाळीविषयी विचारले, आत्म्याविषयी आणि कयामतच्या घडीविषयीही विचारले. म्हणजे प्रश्न विचारणे हा अदबीचा भंग नव्हे. ग्रंथानेच त्याला जागा दिलेली आहे.

पण त्या उत्तरांकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की विचारणाऱ्याला हवे तेवढेच उत्तर प्रत्येक वेळी मिळालेले नाही. सूरह अल-बकरहमध्ये लोक विचारतात, खर्च काय करावा? उत्तर मिळते, तो कोणावर करावा याचे: आई-वडील, नातेवाईक, अनाथ, गरीब आणि वाटसरू. विचारणाऱ्याच्या मनात रक्कम होती, उत्तरात माणसे आली. त्याच सूरहत लोक चंद्रकोरींविषयी विचारतात. उत्तर येते की त्या लोकांच्या व्यवहारासाठी आणि हजसाठी काळाच्या खुणा आहेत. आणि त्याच आयतीत लगेच पुढे सांगितले जाते की घरात मागच्या बाजूने शिरण्यात पुण्य नाही, घरात दाराने या. हजहून परतलेले काही अरब पुढच्या दाराने घरात येणे निषिद्ध मानीत, तो या आयतीचा संदर्भ. पण आजही ती वाचताना वाटते की आपली नजर आभाळातल्या चंद्राकडे लागलेली आहे आणि ग्रंथ आपल्याला आपल्याच घराचे दार दाखवतो आहे.

मौलानांनी आमच्या बाबतीत हेच केले होते. आम्ही मक्केच्या वाटेविषयी विचारत होतो, त्यांनी आमच्या सातबाऱ्याविषयी विचारले.

याच्या जवळचे एक दुसरे रूप कुरआनात आहे, "यस्तफ्तूनका". म्हणजे "ते तुझ्याकडे फतवा मागतात". फतवा हा शब्द आज बदनाम झाला आहे. वर्तमानपत्रात तो आला की बंदी, बहिष्कार आणि धमकी एवढेच लोकांना आठवते. मूळ अर्थ मात्र साधा आहे, विचारलेल्या प्रश्नावरचे मत. हे रूप कुरआनात दोनच ठिकाणी येते आणि दोन्ही ठिकाणे सूरह अन-निसामध्ये, म्हणजे स्त्रियांच्या नावाच्या सूरहत आहेत. पहिल्या ठिकाणी, 127 व्या आयतीत, लोक स्त्रियांविषयी फतवा मागतात आणि ज्या अनाथ मुलींना त्यांचे ठरलेले देणे दिले जात नाही त्यांचा उल्लेख येतो. दुसऱ्या ठिकाणी, सूरहच्या अगदी शेवटच्या 176 व्या आयतीत, मूलबाळ नसलेल्या माणसाच्या वारशाचा प्रश्न आहे आणि उत्तराची सुरुवातच बहिणीच्या हिश्श्याने होते.

चौदाशे वर्षांपूर्वी "फतवा द्या" म्हणून विचारल्याची जी दोन उदाहरणे ग्रंथाने जपली, ती दोन्ही बाईच्या हक्काच्या देण्याविषयी आहेत. आणि आपल्या पायऱ्यांवर हाच प्रश्न निघत नाही.

*

वारसाहक्काच्या आयती उतरल्या त्यामागे एका स्त्रीची तक्रार होती, असे हदीसच्या ग्रंथांत नोंदवले आहे. उहुदच्या लढाईत सअद बिन रबीअ शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. सअद यांची बायको दोन्ही मुलींना घेऊन पैगंबरांकडे आली. यांच्या चुलत्याने यांच्यासाठी काहीच ठेवले नाही, आता यांची लग्ने कशी व्हायची, असा तिचा सवाल होता. वारसाच्या आयती उतरल्यावर पैगंबरांनी त्या चुलत्याला बोलावून घेतले आणि मुलींना दोन तृतीयांश, त्यांच्या आईला एक अष्टमांश द्यायला लावले. उरले ते त्याचे.

खौला बिन्त सअलबाची कथाही अशीच. नवऱ्याने तिला "तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी" असे म्हणून टाकले होते. जाहिली रिवाजाप्रमाणे हे म्हटले की बाई ना नांदती, ना सुटी. खौला पैगंबरांशी वाद घालत राहिली. सूरह अल-मुजादिलह, म्हणजे "वाद घालणारी स्त्री", या नावाची सूरह तिच्या तक्रारीच्या उल्लेखानेच सुरू होते. खुदाने तिचे बोलणे ऐकले, हे तिथे पहिल्याच वाक्यात आहे.

घरगुती प्रश्न धर्माच्या दारात प्रथम कोणी आणले? ज्यांचे काही बुडाले होते, ज्यांच्यावर अन्याय होत होता, त्या बायकांनी. आज मात्र मशिदीत प्रश्न विचारायला आम्ही पुरुष जातो. मग आमच्या सोयीचे प्रश्न विचारले जातात, यात नवल काय?

*

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. कोणाचे नाव घेत नाही. घेण्याची गरजही नाही, कारण ही नावे बदलून अनेक वाचकांना आपापल्या घरातली माणसे दिसतील.

हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात आमच्या आजोबांची 48 गुंठे बागायत जमीन होती. आजोबा 1983 मध्ये वारले. मागे आजी, दोन मुलगे आणि दोन मुली होत्या. कुरआनने सांगितलेला हिशेब चौथीतल्या पोरालाही जमेल असा आहे. आजीचा आठवा भाग, म्हणजे 6 गुंठे. राहिले 42. मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात मुलांना चौदा-चौदा आणि मुलींना सात-सात. पुढे आजी गेल्यावर तिच्या सहा गुंठ्यांतले मुलांना दोन-दोन, मुलींना एक-एक. एकूण मुलांचे सोळा-सोळा गुंठे, मुलींचे आठ-आठ.

प्रत्यक्षात काय झाले? आजोबांचा चाळिसावा झाल्यावर दोन्ही फुफींना तालुक्याच्या गावी नेले आणि हक्कसोडपत्रावर अंगठा आणि सही घेतली. थोरलीचा अंगठा, धाकटीची सही. येताना दोघींना साड्या घेतल्या. सातबाऱ्यावर अब्बा आणि चाचा यांची नावे लागली, आजी गेल्यावर निम्मे-निम्मे झाले. आमच्या वाट्याला 24 गुंठे. त्या 24 गुंठ्यांच्या उसावर आमची शिक्षणे झाली, आमच्या बहिणीचे लग्न झाले आणि आम्ही कोल्हापुरात घर बांधले.

मौलानांच्या प्रश्नानंतर आम्ही धाकट्या फुफीकडे इचलकरंजीला गेलो. त्यांचे मालक यंत्रमागावर कामाला होते, आता नाहीत. फुफींनी अनेक वर्षे घरी कांड्या भरल्या. आम्ही भीत भीत विषय काढला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सही करायच्या दिवशी मी तुझ्या अब्बांना विचारलं होतं, यात काय लिहिलंय? ते म्हणाले, काही नाही गं, वारसाची नोंद आहे. मी सातवी शिकलेली, रे. वाचता येत होतं मला. पण भावानं सांगितल्यावर कागद कसा वाचायचा?"

त्यांनी एवढेच सांगितले आणि चहा ठेवायला उठल्या.

अब्बा पंचवक्ती नमाजी होते. दुकानात कधी माप कमी केले नाही. व्याजाचा पैसा घरात येऊ नये म्हणून बँकेत ठेवही ठेवली नाही. त्यांच्या जनाज्याच्या वेळी बागल चौकातल्या कब्रस्तानात रिवाजाप्रमाणे जाहीर केले गेले की मय्यतवर कुणाचे देणे असेल तर वारसांना भेटावे. कोणी पुढे आले नाही. येणार कसे? ज्यांचे देणे होते त्या घरात बायकांमध्ये बसल्या होत्या. ती हाक त्यांच्या कानापर्यंत पोहोचण्याची सोयच नव्हती.

*

अब्बांना आम्ही वाईट माणूस म्हणणार नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. वाईट माणसाने हक्क बुडवला तर त्यात विचार करण्यासारखे काही नसते. पण जो माणूस व्याजाच्या चार रुपयांना हात लावत नाही, तो बहिणीचे आठ गुंठे सहज कसे ठेवतो?

आम्हाला वाटते, याचे उत्तर असे आहे. माणूस ज्या गोष्टीला प्रश्न समजतो, तिच्याविषयीच तो धर्माला विचारतो. जी गोष्ट त्याला रीत वाटते, तिच्याविषयी तो विचारतच नाही. व्याज हा अब्बांना प्रश्न वाटत होता, कारण समाजात त्याची चर्चा होती, तकरीरी होत होत्या. बहिणीचा हक्कसोड ही गावाची रीत होती. पाटलांच्या घरी तेच, जैनांच्या घरी तेच, आमच्या घरी तेच. रिवाजाची ताकद हीच की तो डोळ्यांना दिसत नाही.

या रिवाजाच्या समर्थनार्थ जी कारणे दिली जातात ती सर्वांना पाठ आहेत. लग्नात खर्च केला, तोच तिचा हिस्सा. पण लग्नात भावावरही खर्च होतो, त्याचा हिस्सा त्यातून कोणी वजा करत नाही. दुसरे, हिस्सा मागितला तर माहेर तुटते. पण हे कारण बहिणीने मागण्याविरुद्ध आहे, भावाने देण्याविरुद्ध नाही. आपण होऊन दिले तर माहेर कशाला तुटेल? तिसरे आणि सर्वांत चलाख कारण, ती खुशीने सोडते.

खुशी म्हणजे काय, हा खरा नैतिक प्रश्न आहे. मेहेरच्या संदर्भात कुरआन सांगतो की स्त्रियांना तो मनापासून द्या, आणि त्यांनी स्वतःच्या आनंदाने त्यातले काही सोडले तर ते खुशाल खा. यातला क्रम पाहावा. आधी द्यायचे आहे. आधी तिच्या हातात पडले पाहिजे. मग तिने परत केले तर ती खुशी. हातात कधी आलेच नाही ते सोडण्याला खुशी म्हणता येत नाही. आपल्याकडे मेहेरचेही तेच होते. जनाजा उचलायच्या वेळी रडणाऱ्या बाईला पुढे आणतात आणि "मेहेर माफ कर" म्हणतात. त्या क्षणी कोणती बाई नाही म्हणेल?

फिकहमध्ये हिस्सा सोडण्याला वाव नाही असे नाही. वारसांपैकी एकाने काही मोबदला घेऊन वाटणीतून बाहेर पडण्याला तखारुज म्हणतात. पण त्यात आपला हिस्सा किती हे माहीत हवे, राजीखुशी हवी आणि तो हक्क आधी जन्माला आलेला हवा. बाप हयात असताना वारसाहक्कच नसतो, तर सोडणार काय? कागदात काय लिहिले आहे हे न सांगता घेतलेली सही कुठल्याच शास्त्रात राजीखुशी ठरत नाही. सूरह अन-निसात वारसाचे हिस्से सांगून झाल्यावर लगेच येते की या खुदाने आखलेल्या हद्दी आहेत, त्या ओलांडणाऱ्यासाठी आग आहे. आणि सूरह अल-फज्रमध्ये वारशाचा माल अधाशासारखा गिळणाऱ्यांना खडसावले आहे.

*

हा झगडा नवा नाही. 1847 मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात खोजा समाजातल्या मुलींनी कुरआनप्रमाणे वडिलांच्या मिळकतीत हिस्सा मागितला होता. समोरच्यांनी सांगितले, आमच्यात मुलींना वारसा देण्याची रीत नाही. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी रिवाजाच्या बाजूने निकाल दिला. मुली हरल्या. ग्रंथ मुलींच्या हातात होता आणि रिवाज पुरुषांच्या, हे या खटल्यात विसरता येत नाही.

1937 चा शरियत कायदा आला तो रिवाज हटवण्यासाठी. रूढीच्या कायद्याने बायकांचे हक्क मारले जातात अशी मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांची तक्रार होती आणि कायद्याच्या उद्दिष्टांत तिचा उल्लेखही झाला. पण त्या कायद्यातूनही शेतजमीन वगळली गेली. खेड्यातल्या मुसलमानाकडे शेतजमिनीशिवाय असते काय? म्हणजे शरियतच्या नावाने कायदा झाला आणि ज्यात बाईला खरोखर काही मिळाले असते तेवढेच बाजूला ठेवले. त्यावर कोणी मोर्चा काढल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

मोर्चे दुसऱ्या गोष्टींवर निघाले. 1985 मध्ये शाहबानो निकाल आला, त्याच साली मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा तलाकमुक्ती मोर्चा आपल्या कोल्हापुरातून नागपूरकडे निघाला आणि वाटेत त्याला मोठा विरोध झाला. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, 2019 मध्ये कायदा झाला, 2024 मध्ये घटस्फोटितेच्या पोटगीविषयी पुन्हा निकाल आला. या प्रत्येक वेळी "शरियतमध्ये हस्तक्षेप" हा शब्द आपण ऐकला. हस्तक्षेपाविषयी वाद घालण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण शरियतमध्ये सर्वांत मोठा हस्तक्षेप आपणच दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन, मुद्रांकाच्या कागदावर, दोन साक्षीदारांसमक्ष करत आलो आहोत, हे कबूल करायला कोण तयार आहे?

शेजाऱ्यांचे चित्र वेगळे नाही. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये. तरीही हक्कसोडपत्रे होतच आहेत. हा काही एका धर्माचा आजार नाही. पण आपल्याला एक सबब चालत नाही. आपल्याकडे हा हक्क कायदेमंडळाने नुकताच दिलेला नाही. तो आपण रोज ज्याला हात लावताना वजू करतो त्या ग्रंथात आहे.

कोल्हापुरात राहून हे ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग त्याची साक्ष आहे. ईदची नमाज आपण त्याच मैदानावर पढतो. कुरआनचा मराठी तर्जुमा व्हावा म्हणून महाराजांनी पंचवीस हजार रुपये मंजूर केल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. एका हिंदू राजाला वाटले की आपल्या मुसलमान प्रजेला तिचा ग्रंथ तिच्या भाषेत समजावा. आज मराठीत तर्जुमे मिळतात. पण आपण ते वाचतो का? आपल्या घरांत कुरआन उंच फळीवर रेशमी गिलाफात असतो. मुलीला निरोप देताना तिच्या डोक्यावरून नेतो. त्यातला तिचा हिस्सा मात्र तिला वाचून दाखवत नाही.

*

आमच्या घरातली कथा अजून पुरी झालेली नाही. आमच्याकडच्या 24 गुंठ्यांपैकी आठ गुंठे आमचे नव्हते हे आम्ही मान्य केले. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे चार-चार गुंठे तोडून देणे सोपे नव्हते, म्हणून आजच्या भावाने किंमत काढली आणि हप्त्याने का होईना, देऊ लागलो आहोत. थोरल्या फुफी हयात नाहीत, त्यांचे त्यांच्या मुलांना. चाचांकडच्या भावांना हे पटलेले नाही. "कागद झालेला आहे," ते म्हणतात, आणि कचेरीपुरते ते खरेही आहे. चाळीस वर्षांच्या उसाचा हिशेब कसा करायचा, ते आम्हालाही उमगलेले नाही. त्यासाठी फुफींकडे माफी मागितली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण "माफ केले" असे शब्द काही त्यांच्या तोंडून आले नाहीत. आम्हीही पुन्हा मागितले नाहीत. माफी हीही वसूल करून घ्यायची गोष्ट नव्हे.

अब्बांच्या सातबाऱ्यावर आता आमच्याबरोबर अम्मीचे आणि आमच्या बहिणीचे नाव आहे. नाव लागल्यावर बहीण म्हणाली, "बरं वाटलं. पण भाई, माझा अर्धाच का? अम्मीचं दुखणंखुपणं तर मीच बघते."

या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. जुने उत्तर असे की भावावर कुटुंब पोसण्याची जबाबदारी आहे, बहिणीवर नाही. हे उत्तर ज्या घरात भाऊ खरोखर बहिणीला पोसतो तिथे शोभते. जिथे तो जबाबदारी घेत नाही आणि दुप्पट मात्र घेतो, तिथे ते उत्तर बोलताना जीभ अडखळली पाहिजे. काही विचारवंत म्हणतात, काळ बदलला, हिस्से समान व्हावेत. बहुसंख्य उलेमा म्हणतात, आयत स्पष्ट आहे, तिथे वाद नाही. केरळातल्या एका वकिलाने आणि त्यांच्या प्राध्यापक पत्नीने, आपल्याला तिन्ही मुलीच आहेत आणि सगळे त्यांनाच मिळावे म्हणून, 2023 च्या महिला दिनी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवले. त्यावरही गदारोळ झाला.

हा वाद आम्ही या लेखात सोडवू शकत नाही. पण एवढे आम्हाला दिसते की ठरवून दिलेला हिस्सा ही खालची हद्द आहे. तिच्याखाली जाता येत नाही. तिच्यावर जायला भावाला कोणी अडवलेले नाही. स्वतःच्या वाट्यातून बहिणीला देणगी देणे, ज्याला हिबा म्हणतात, ते नेहमीच जायज आहे. बापानेही हयातीत हिबा करताना मुलांमध्ये इन्साफ करावा, असे पैगंबरांनी नुअमान बिन बशीर यांच्या वडिलांना बजावले होते. तेव्हा "आयत आड येते" हे कारण भावाला देता येत नाही. आड येते ते आमचे मन. आमच्या घरात यावर अजून बोलणे चालू आहे, आणि आता बहीणही त्या बोलण्यात बसते.

*

रोजच्या प्रश्नांसाठी ग्रंथाकडे जावे का? जरूर जावे. पण आमच्या अनुभवाने आम्हाला जाण्याचे तीन प्रकार दिसतात. एक, मन निवांत करण्यासाठी जाणे. लहान-लहान गोष्टींची परवानगी मिळाली की मोठ्या गोष्टींचा विसर पडतो. दुसरा, दुसऱ्याला गप्प करण्यासाठी जाणे. बायकोने काय करावे, सुनेने कसे राहावे, यासाठी आयत शोधणे. तिसरा, मी काय द्यायचे आहे हे विचारण्यासाठी जाणे. पहिल्या दोन वाटांवर गर्दी आहे.

एका सहाबींना, वाबिसा यांना, पैगंबरांनी सांगितले होते की लोकांनी कितीही फतवे दिले तरी आपल्या हृदयालाही विचारत जा. ज्याने मन खटकते ते पाप. याचा अर्थ मन मानेल तसे वागा असा नव्हे. कागद तयार आहे, साक्षीदार तयार आहेत, बहीणही सही करायला तयार आहे, आणि तरीही आत काहीतरी खटकते आहे, त्या खटक्याला प्रश्न बनू द्या, असा आहे.

हज्जे-बदलचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याचे पैसे सध्या इचलकरंजीला जात आहेत. मौलानांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग मरहूमांचे काम सुरू झाले म्हणायचे." हज पुढे होईल, न होईल. पण येत्या रमजानात तरावीहनंतर त्या पायऱ्यांवर बसलो की इंजेक्शनच्या आणि व्याजाच्या प्रश्नांमध्ये हा एक प्रश्न मोठ्याने विचारायचा, असे आम्ही ठरवले आहे. उत्तर ठाऊक असले तरी. चार लोकांच्या कानावर पडावे म्हणून.